आत्मरति आणि विद्यार्थ्यांची सेवावृत्ति

विद्यार्थिदशा ही मनुष्याच्या आयुष्यांतील सर्वांत निःस्वार्थी अवस्था होय असें एक मत आहे, आणि तीच सर्वांत आत्मसंतुष्ट अवस्था होय असें दुसरें. दोन्ही मतें एकाच घरांत ऐकूं येतात. कोठें पूर आला, कोठें भूकंप झाला, म्हणजे आमचीं मुलें पुस्तकें टाकून कशीं धांवून गेलीं हें जो गृहस्थ शेजाऱ्यास अभिमानानें सांगतो, तोच घरीं चिरंजीव तासभर आरशापुढून हलत नाहींत म्हणून कपाळास हात लावतो. मुलगा एकच. त्याच्या ठिकाणीं या दोन वृत्ती सुखानें नांदतात कीं एक दुसरीस खाऊन टाकते, हा प्रश्न वरवर पाहतां घरगुती दिसतो. परंतु गेल्या शंभर-सव्वाशें वर्षांत त्यावर मोठमोठ्या मानसशास्त्रज्ञांनीं आपली बुद्धि खर्च केली आहे, आणि स्वतंत्र भारताच्या सरकारासहि तो एकदां टाळतां आला नाहीं. या प्रश्नाचा इतिहास थोडक्यांत सांगावा असा आमचा विचार आहे.

प्रथम नांवाविषयीं. 'नार्सिसिझम' हा शब्द ज्या नार्सिसस नामक तरुणावरून निघाला, त्याची कथा रोमन कवि ओव्हिड यानें इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या आरंभीं आपल्या 'मेटॅमॉर्फसीस' या काव्याच्या तिसऱ्या सर्गांत सांगितली आहे. पाण्यांत आपलें प्रतिबिंब पाहून तो त्यावरच भाळला आणि झुरून मेला, एवढी कथा सर्वांस ठाऊक असते. तिचा पूर्वभाग मात्र लोक बहुधा विसरतात. त्या तरुणावर अनुरक्त झालेल्या अनेकांस त्यानें झिडकारलें होतें. एको नांवाची वनदेवता तर त्याच्या अव्हेरानें झिजून झिजून केवळ आवाजरूपानें उरली. शेवटीं अशाच एका दुखावलेल्या तरुणानें हात वर करून गाऱ्हाणें केलें, आणि तें प्रतिशोधाच्या देवतेनें ऐकलें. म्हणजे मूळ कथेंत आरसा ही शिक्षा आहे. अपराध निराळाच आहे. दुसऱ्याचें दुःख समोर असतां तें न दिसणें, हा तो अपराध. पुढील काळच्या पंडितांनीं शिक्षेवरून रोगाचें नांव ठेवलें, आणि अपराधाकडे त्यांचें लक्ष जाण्यास पुष्कळच वर्षें लागलीं.

इंग्रज ग्रंथकार हॅवलॉक एलिस यानें १८९८ सालीं एका लेखांत या तरुणाचें नांव एका मनोवृत्तीस जोडलें, आणि पुढल्याच वर्षीं जर्मन वैद्य पॉल नेके यानें त्याचें शास्त्रीय नांव बनविलें. दोघांच्याहि दृष्टीपुढें कामवासनेची एक विकृति होती, याहून अधिक कांहीं नव्हतें. या कल्पनेस व्यापक रूप दिलें तें फ्रॉइडनें. १९१४ सालच्या आपल्या निबंधांत त्यानें असें प्रतिपादिलें कीं, आत्मप्रेमाचा अंश प्रत्येक मनुष्याच्या ठिकाणीं असतोच. तो केवळ रोग्याचा विशेष नव्हे. त्याबरोबरच त्यानें आणखी एक गोष्ट सांगितली, व आमच्या विषयाच्या दृष्टीनें तीच महत्त्वाची आहे. मनुष्याची प्रेमशक्ति ही जणूं एकाच तिजोरींतील द्रव्य असून, तें स्वतःवर जितकें अधिक खर्च व्हावें तितकें दुसऱ्यासाठीं कमी उरतें, असा त्याचा अभिप्राय होता. हा हिशेब इतका सोपा आणि आपल्या घरगुती समजुतीस इतका जुळणारा आहे कीं, तो खरा आहे काय हें तपासून पाहण्याचें पुढें साठ-पासष्ट वर्षें फारसें कोणास सुचलें नाहीं.

मराठींत या वृत्तीस 'आत्मरति' असें म्हणण्याचा प्रघात आहे, व आम्हीहि तोच शब्द वापरणार आहों. परंतु तो वापरतांना थोडा संकोच वाटतो हें कबूल केलें पाहिजे. गीतेच्या तिसऱ्या अध्यायांत हाच शब्द आला आहे, आणि तेथें तो ज्याला आत्म्याच्याच ठिकाणीं आनंद सांपडला, व म्हणून ज्याला स्वतःसाठीं मिळवावयाचें असें कांहीं उरलें नाहीं, अशा पुरुषाचें विशेषण आहे. ज्ञानी पुरुषाची पदवी आरशापुढच्या तरुणाच्या गळ्यांत पडावी, हा शब्दांचा दैवयोग होय. असो.

आत्मरति मोजण्याचा पहिला मान्य प्रयत्न १९७९ सालीं रॉबर्ट रॅस्किन आणि कॅल्व्हिन हॉल या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनीं केला. त्याच्या पुढल्याच वर्षीं अमेरिकेंतील मनोविकारवैद्यांनीं आपल्या रोगसूचीच्या तिसऱ्या आवृत्तींत आत्मरतीच्या अतिरेकास स्वतंत्र विकाराचें स्थान दिलें. परंतु रॅस्किन व हॉल यांस रोगी शोधावयाचे नव्हते. साध्या, हिंडत्याफिरत्या माणसाच्या अंगीं ही वृत्ति किती असते, हें त्यांस पहावयाचें होतें. १९८८ सालीं रॅस्किन यानें हॉवर्ड टेरी याच्या साहाय्यानें या प्रश्नावलीस जें रूप दिलें तें पुढें सर्वत्र चाललें. विधानांच्या ४० जोड्या असाव्या, प्रत्येक जोडींत एक विधान नम्रतेचें व दुसरें प्रौढीचें असावें, आणि परीक्षार्थ्यानें आपणांस जवळचें वाटेल तें निवडावें, अशी ती रचना. प्रौढीच्या प्रत्येक निवडीस एक गुण. म्हणजे ज्याला ४० पैकीं ४० मिळाले तो, परीक्षेच्या इतिहासांत प्रथमच, पूर्ण गुण मिळवून नापास झाला म्हणावयाचा!

या गुणांचें पृथक्करण करतां त्यांत सात निरनिराळे घटक आढळले. अधिकाराची हौस, आपणच श्रेष्ठ असा समज, दुसऱ्यापुढें मिरविण्याची इच्छा, रूपाचा गर्व, आपल्यावांचून आपलें अडत नाहीं अशी स्वावलंबनाची घमेंड, दुसऱ्यास वापरून घेण्याची तयारी, आणि 'मला तें मिळालेंच पाहिजे' असा हक्काचा हट्ट. वाचकांनीं हीं सात नांवें जरा निरखून पाहावीं. अधिकाराची हौस व स्वावलंबन हे दोष असले तरी जवळजवळ गुणच आहेत. त्यांवांचून मेळा निघत नाहीं, नाटक उभें राहत नाहीं, संस्था चालत नाहीं. शेवटचे दोन मात्र शुद्ध विष होत. सातांची बेरीज करून त्यास एकच नांव दिल्यामुळें पुढें जो गोंधळ झाला, त्याचें मूळ येथें आहे.

या परीक्षा कोणाच्या घेतल्या? बहुतेक सर्व महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या. त्यांतहि पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मानसशास्त्राच्या वर्गांतील. अमेरिकेंतील अनेक विद्यापीठांत या वर्गाच्या विद्यार्थ्यांनीं अभ्यासक्रमाचा भाग म्हणून प्रयोगांत भाग घ्यावा असा शिरस्ताच पडून गेला आहे. प्राध्यापकास माणूस हवा असतो, आणि हाताशीं असतो विद्यार्थी. त्यामुळें मनुष्यजातीच्या स्वभावाविषयीं म्हणून जें कांहीं छापलें जातें, तें पुष्कळदां अठरा ते वीस वर्षांच्या विद्यार्थ्यांच्या स्वभावाविषयीं असतें. इतर विषयांत हा मोठाच दोष ठरतो. आमच्या विषयांत मात्र तो सोयीचा ठरला आहे.

आतां दुसरें पारडें. साहाय्यवृत्तीची शास्त्रीय चिकित्सा सुरू झाली ती एका खुनावरून. १३ मार्च १९६४ च्या पहाटे न्यूयॉर्क शहराच्या क्वीन्स भागांत किटी जेनोव्हीझ या तरुणीचा खून झाला. ३८ शेजारी तो प्रकार पाहत असतांहि कोणी मदतीस गेलें नाहीं, असें वृत्त तेथील एका प्रमुख पत्रानें छापलें आणि साऱ्या देशांत खळबळ उडाली. हें वृत्त अतिरंजित होतें, ३८ हा आंकडा टिकणारा नव्हता, हें पुढें सिद्ध झालें आहे. परंतु खोट्या आंकड्यांतून खरें शास्त्र निघाल्याचीं जीं थोडीं उदाहरणें आहेत, त्यांपैकीं हें एक. जॉन डार्ली व बिब लाटाने यांनीं १९६८ सालीं न्यूयॉर्क विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यास एका खोलींत बसवून, ध्वनियंत्रावरून दुसऱ्या खोलींतील विद्यार्थ्यांशीं त्याचें संभाषण चालू ठेवलें. मध्येंच त्यांतील एकास फेंफऱ्याचा झटका आल्याचा आवाज ऐकविला. (आवाज आधीं मुद्रित केलेला होता.) आपण एकटेच ऐकत आहों असें ज्यांस वाटलें, त्यांपैकीं शेंकडा ८५ जणांनीं झटका संपण्यापूर्वीं मदतीसाठीं धांव घेतली, आणखी चार जण ऐकत आहेत असें ज्यांस वाटलें, त्यांपैकीं शेंकडा ३१ जणांनीं. मुलें तींच, शहर तेंच. बदलला तो केवळ श्रोत्यांचा समज.

याहून बोलका प्रयोग प्रिन्स्टन येथील धर्मोपदेशकांच्या महाविद्यालयांतला. तो डार्ली आणि डॅनियल बॅट्सन यांनीं १९७३ सालीं प्रसिद्ध केला. बायबलांत ल्यूकच्या शुभवर्तमानांत एक दृष्टांत आहे: वाटमाऱ्यांनीं घायाळ केलेल्या एका वाटसरूस पाहून धर्माधिकारी बाजूनें निघून जातो, आणि परक्या जातीचा एक शोमरोनी त्याची शुश्रूषा करतो. भावी धर्मोपदेशकांपैकीं कांहींस याच दृष्टांतावर लहानसें भाषण तयार करण्यास सांगितलें आणि शेजारच्या इमारतींत पाठविलें. वाटेंत एका दारापाशीं एक मनुष्य मान खालीं घालून, खोकत, कण्हत पडला होता. अर्थात् तो प्रयोगकर्त्यांनींच बसविलेला होता. ४० विद्यार्थ्यांपैकीं १६ थांबले. ज्यांस 'वेळ पुष्कळ आहे' असें सांगितलें होतें त्यांच्यांत थांबणारे शेंकडा ६३ निघाले. 'तुम्हांस उशीर झाला, लवकर जा' असें ज्यांस सांगितलें होतें त्यांच्यांत शेंकडा १०. ज्या दृष्टांतावर भाषण करावयाचें तोच पायाशीं कण्हत पडला असतां कांहीं जण त्यास ओलांडून घाईनें भाषणास गेले. कोण थांबेल आणि कोण नाहीं, हें त्यांच्या धर्मनिष्ठेच्या प्रकारावरून आधीं सांगतां आलें नाहीं. या प्रयोगाचें वर्णन प्रथम वाचलें तेव्हां आम्ही मनांत हंसलों होतों. नंतर, आपण स्वतः कितीदां घाईंत होतों याची आठवण होऊन तें हंसूं ओसरलें.

या दोन प्रयोगांनीं स्वभावाची किंमत फार खालीं आणली. माणूस कसा आहे हें विचारूं नका, तो कोणत्या प्रसंगांत सांपडला आहे हें विचारा, असें कांहीं काळ सर्वजण म्हणूं लागले. परंतु स्वभाव इतक्या सहजासहजीं जाणार कोठें? तो मागल्या दारानें परत आला. मदत करतो कीं नाहीं, हा प्रश्न सोडून शास्त्रज्ञ विचारूं लागले कीं, कोणासमोर करतो, आणि कशासाठीं करतो? मार्क स्नायडर व गिल क्लॅरी यांनीं सहकाऱ्यांसह १९९८ सालीं स्वयंसेवेमागील सहा हेतु मोजण्याची प्रश्नावली सिद्ध केली. त्यांत परोपकाराचें तत्त्व जसें आहे तसेंच नोकरीस उपयोगी पडणें आणि स्वतःविषयींचें समाधान वाढणें हेंहि आहे. २००२ सालीं गुस्ताव्हो कार्लो आणि ब्रँडी रँडॉल यांनीं विद्यार्थ्यांच्या साहाय्यवृत्तीचे सहा प्रकार पाडले, आणि त्यांत चारचौघांत केलेली मदत व नांव न कळतां केलेली मदत या दोहोंस वेगळीं घरें दिलीं. आपल्याकडे गुप्तदानाचें माहात्म्य जुनें आहे. त्याचा तक्ता आतां झाला.

तक्ता झाल्यावर दोन्ही पारडीं एका काट्यास लावणें सोपें झालें, आणि तेव्हां फ्रॉइडच्या तिजोरीचा हिशेब चुकूं लागला. आत्मरतीचे गुण ज्यांस अधिक, ते विद्यार्थी एकूण मदत कमीच करतात असें सरसकट दिसेना. दिसलें तें हें कीं, त्यांची मदत जागा निवडते. जेथें पाहणारे आहेत, नांव होण्याचा संभव आहे, तेथें ते पुढें. जेथें कोणास कळणार नाहीं तेथें मागें. ॲमी ब्रुनेल व तिच्या सहकाऱ्यांनीं २०१४ सालीं विद्यार्थ्यांच्या स्वयंसेवेची चौकशी केली तेव्हां, आत्मरति जास्त असलेल्यांचा हेतु भूतदयेपेक्षां स्वहिताकडे झुकलेला आढळला. त्याआधीं दोन वर्षें योखन गेबाउअर व इतरांनीं आणखी एक प्रकार उजेडांत आणला होता. कांहीं माणसांचा गर्व रूपाचा किंवा बुद्धीचा नसून परोपकाराचाच असतो! माझ्याइतका दयाळू कोणी नाहीं, माझ्याइतका दुसऱ्याचें ऐकून घेणारा कोणी नाहीं, असें तीं मनापासून मानतात. अशीं माणसें आमच्या वाचकांच्या ओळखीचीं असतील. सार्वजनिक संस्थांच्या कार्यकारी मंडळांत तीं विपुल सांपडतात.

मात्र सर्वांत आश्चर्याचा निष्कर्ष इंग्लंडांतून आला. एरिका हेपर, क्लेअर हार्ट आणि कॉन्स्टंटाइन सेडिकिडीस यांनीं २०१४ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, घरांत छळ सोसलेल्या एका स्त्रीची कहाणी तिच्याच तोंडून चित्रफितींत दाखविली. आत्मरति अधिक असलेले लोक ती पाहून एरवीं थंड राहिले. परंतु ज्यांस आधीं एवढेंच सांगितलें होतें कीं, या बाईस काय वाटत असेल याची कल्पना करून पाहा, त्यांच्या ठिकाणीं सहानुभूति इतरांइतकीच आढळली. आणि आणखी एका प्रयोगांत तर त्यांच्या हृदयाच्या ठोक्यांनींहि तीच साक्ष दिली. म्हणजे तिजोरी रिकामी नव्हती. तिचें दार उघडण्याची संवय नव्हती. ओव्हिडच्या कथेंतील अपराध, समोरचें दुःख न दिसणें, शास्त्राच्या हातीं लागला तो असा, शंभराहून अधिक वर्षांनीं.

मध्यंतरीं या शास्त्रांत एक मोठें भांडणहि होऊन गेलें. जीन ट्वेंगे व तिच्या सहकाऱ्यांनीं २००८ सालीं, १९७९ पासून २००६ पर्यंतच्या ८५ गटांतील १६,४७५ अमेरिकन विद्यार्थ्यांचे गुण एकत्र करून, विद्यार्थ्यांची आत्मरति सारखी वाढत आहे असा निकाल दिला. वडीलधाऱ्या मंडळींस असा निकाल नेहमींच आवडतो. परंतु त्याच वर्षीं कॅली ट्रझेस्नेव्स्की इत्यादिकांनीं कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांचे गुण तपासून अशी वाढ दिसत नाहीं असें म्हटलें, आणि २०१७ सालीं युनिके वेत्सेल व इतरांनीं तर ती उलट कमीच होत गेली असें दाखविलें. गंमत अशी कीं, ज्या काळांत आत्मरति वाढली म्हणून ओरड होती, त्याच काळांत स्वयंसेवा करणाऱ्या अमेरिकन विद्यार्थ्यांचें प्रमाणहि वाढत होतें. ओरड करणारे म्हणाले, ती सेवा सक्तीची आहे. तें सर्वस्वी खोटें नव्हतें. मेरीलंड संस्थानानें १९९२ सालीं शाळेचें प्रमाणपत्र मिळविण्यास ७५ तासांची समाजसेवा आवश्यक ठरविली होती. आर्थर स्टुकस, स्नायडर व क्लॅरी यांनीं १९९९ सालीं दाखविलें होतें कीं, सक्तीचा जांच ज्या विद्यार्थ्यांस जाणवतो, त्यांची पुढें आपखुषीनें सेवा करण्याची इच्छा मावळते. सक्ति कीं स्वेच्छा हा वाद आमच्या देशांत याच्या चाळीस वर्षें आधींच झाला होता. पण तिकडे वळण्यापूर्वीं पुण्यांत डोकावलें पाहिजे, कारण स्वेच्छेनें घेतलेल्या सेवाव्रताचा आणि अभिमानी स्वभावाचा सामना आमच्याकडे प्रथम तेथें झाला.

डेक्कन कॉलेजांत शिकत असतां टिळक आणि आगरकर या दोघा विद्यार्थ्यांनीं सरकारी नोकरी न करतां शिक्षणास आयुष्य वाहण्याचा संकल्प केला, ही गोष्ट महाराष्ट्रांत सर्वश्रुत आहे. सरकारी नोकरीचा राजीनामा दिलेले विष्णुशास्त्री चिपळूणकर यांच्या पुढाकारानें १८८० च्या जानेवारींत न्यू इंग्लिश स्कूल निघालें, १८८४ सालीं डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ सालीं फर्ग्युसन कॉलेज. यांतील एकहि पुरुष स्वतःस कमी लेखणारा नव्हता. आपण मराठी भाषेचे शिवाजी आहों, असा शास्त्रीबोवांचा उद्गार प्रसिद्धच आहे. रॅस्किनची प्रश्नावली त्यांच्या हातीं दिली असती तर काय झालें असतें, याची कल्पना करणें मनोरंजक असलें तरी न्याय्य नव्हे. मेलेल्या माणसाची मानसपरीक्षा घेण्याचा अधिकार कोणास नाहीं. आम्हांस एवढेंच म्हणावयाचें आहे कीं, ज्वलंत स्वाभिमान आणि अल्प वेतनावर केलेली सेवा यांचें एका छपराखालीं राहणें पुण्यानें डोळ्यांनीं पाहिलें आहे.

तें राहणें सुखाचें मात्र नव्हतें. आजीव सभासदानें संस्थेबाहेर काम करून मिळकत करावी कीं नाहीं, या प्रश्नावर मतभेद विकोपास गेले. गोखल्यांनीं सार्वजनिक सभेचें चिटणीसपद पत्करलें यावरूनहि वाद झाला. आणि अखेर १८९० सालीं टिळक संस्थेंतून बाहेर पडले. वरवर पाहतां हा भत्त्यांचा आणि वेळेचा तंटा. परंतु त्याच्या बुडाशीं जो प्रश्न होता तो आमचाच: सेवेस आयुष्य दिलें असें म्हणणाऱ्यानें स्वतःपैकीं किती भाग स्वतःसाठीं राखून ठेवावा? टिळकांचें उत्तर कडक होतें, बहुमताचें सौम्य होतें, आणि दोन्ही बाजूंस असे लोक होते कीं ज्यांच्या त्यागाविषयीं शंका घेतां येत नाहीं. गोखल्यांनीं १९०२ पर्यंत फर्ग्युसन कॉलेजांत काढलीं तीं वर्षें दरमहा ७५ रुपयांवर. पुढें १९०५ सालीं त्यांनीं भारत सेवक समाज स्थापिला, तेव्हां सभासदांस ज्या सात शपथा घ्याव्या लागत त्यांपैकीं एक, देशसेवा करतांना वैयक्तिक लाभ पाहणार नाहीं अशी होती, आणि दुसरी, कोणाशींहि वैयक्तिक भांडण करणार नाहीं अशी. पहिली शपथ कोणत्याहि सेवासंघांत असते. दुसरी मात्र ज्यानें १८९० सालचे दिवस काढले त्यासच सुचावी, असें आम्हांस राहून राहून वाटतें. धनाचा लोभ सोडणारीं माणसें मानाचा सोडीत नाहींत, हें त्यांस पाहून ठाऊक होतें.

स्वातंत्र्यानंतर हाच प्रश्न थोड्या निवडक विद्यार्थ्यांपुरता न राहतां लाखोंचा झाला. १९५९ सालीं डॉ. चिंतामणराव देशमुख यांच्या अध्यक्षतेखालीं राष्ट्रीय सेवेविषयीं एक समिति नेमण्यांत आली. माध्यमिक शिक्षण संपवून महाविद्यालयांत जाऊं इच्छिणाऱ्यांनीं नऊ महिने ते एक वर्ष सक्तीची राष्ट्रसेवा करावी, अशी तिची शिफारस होती. खर्च व व्यवस्था यांच्या अडचणीमुळें ती अमलांत आली नाहीं. १९६० सालीं प्रा. सय्यदैन यांनीं निरनिराळ्या देशांतील पद्धतींचा अभ्यास करून सेवा ऐच्छिक असावी असें मत दिलें, आणि अखेर तेंच ग्राह्य ठरलें. गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षीं, २४ सप्टेंबर १९६९ रोजीं, शिक्षणमंत्री डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव यांनीं ३७ विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू केली. आरंभीं ४०,००० विद्यार्थी तींत होते. कोणार्कच्या रथाचें चाक हें तिचें चिन्ह, आणि 'मी नव्हे, तूं' अशा अर्थाचें तिचें ब्रीद. आत्मरतीस याहून सरळ शब्दांत नकार देणें कठीण आहे. १९७३ सालीं महाराष्ट्र दुष्काळानें होरपळत असतां या योजनेच्या देशभरच्या शिबिरांचा विषयच दुष्काळाविरुद्ध युवक असा होता.

परंतु ब्रीद एक आणि व्यवहार दुसरा. 'मी नव्हे' म्हणणाऱ्यानें दोन वर्षांत २४० तास भरावे, ते दैनंदिनींत लिहावे, सात दिवसांचें शिबिर करावें, आणि प्रमाणपत्र घ्यावें, असा नियम झाला. कांहीं विद्यापीठांनीं तर परीक्षेंत वाढीव गुणांचीहि सोय केली. यावर पुष्कळांनीं नाकें मुरडलीं आहेत. गुणांसाठीं केलेली सेवा ही सेवा कसली, असें ते विचारतात. आम्हांस हा आक्षेप निम्माच पटतो. खड्डा खणणाऱ्याच्या मनांत काय आहे याशीं पाण्यास कर्तव्य नसतें. गुणांच्या आशेनें बांधलेल्या बंधाऱ्यांतहि तें तितकेंच सांठतें. भीति आहे ती दुसरीच. ज्या सेवेची नोंद होते, जिचा फोटो निघतो, तिला माणसें मिळतील. जिची नोंद होत नाहीं तिला कोण मिळणार? रात्रीं उठून म्हाताऱ्यास पाणी देण्यास तक्त्यांत रकाना नाहीं. आत्मरतीच्या विद्यार्थ्याविषयीं शास्त्र जें सांगतें तें मानलें, तर तो तेथें नसणार.

आम्ही कांहीं वर्षें एका महाविद्यालयांत शिकवीत असतां या योजनेचें काम आमच्याकडे होतें. एका शिबिरांत एक विद्यार्थी असा होता कीं, फोटो निघण्याची चाहूल लागतांच तो खांद्यावर फावडें घेऊन पुढें येई, आणि तें फावडें बहुधा स्वच्छ असे. आम्हीं आपल्या वहींत त्याच्या नांवापुढें एक शेरा लिहून ठेवला होता. तो येथें देत नाहीं. पांचव्या रात्रीं आचाऱ्यास वांत्या व जुलाब सुरू झाले. आम्ही दमून गाढ झोंपलों होतों. त्या मुलानें कोणास न उठवितां शेजारच्या घरची सायकल मागून आणली, आचाऱ्यास मागें बसवून, तो पडूं नये म्हणून स्वतःशीं धोतरानें बांधून, सहा किलोमीटरवरच्या आरोग्यकेंद्रांत नेलें, आणि सलाइन लागेपर्यंत तो तेथें बसून राहिला. सकाळीं चहा कोणी केला नाहीं म्हणून आम्हांस हें कळलें.

त्यानंतर मात्र तो स्वस्थ बसला नाहीं. जेवणाच्या पंगतींत त्यानें ती हकीगत सांगितली तेव्हां अंतर आठ किलोमीटर झालें होतें, आणि रात्रीं शेकोटीपाशीं अकरा. दैनंदिनींत श्रमदान, ग्रामसफाई, साक्षरता असे रकाने होते. रात्रीच्या त्या तासांची नोंद कोठें करावी हें आम्हांस सुचेना, म्हणून आम्हीं त्यासच विचारलें. तो म्हणाला, "तास राहूं द्या, सर. पण समारोपाला सरपंच येतील, तेव्हां तुम्ही सांगाल ना?" आम्हीं सांगितलें, आणि सहा किलोमीटरच सांगितलें. त्याचा चेहरा किंचित् उतरला. आचारी तोंवर बरा होऊन आला होता व पुढेंच बसला होता. तो उठून म्हणाला, सहा कसले, चांगले बारा होते, आणि सगळा चढ.